अंड्यातलं पिवळं कुणी खायचं

आमच्या घरात सहा महिने एका हृदयावर कडक पहारा होता. पहाऱ्यावर सून होती, मुलगा होता, शेजारी होते, कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा होता. फक्त हृदय चुकीचं होतं. ज्या हृदयाला खरा धोका होता, ते त्या वेळी ओट्यापाशी उभं राहून पहारेकऱ्यांसाठी चहा करत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसू आलं तर जरा बेतानं हसाल.

ते चुकीचं हृदय माझं. मी साबणाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलर सांभाळला. सगळे मला मिस्त्री म्हणतात. निवृत्त कामगारांची वर्षातून एकदा तपासणी होते, तशी माझी झाली आणि त्यात काहीतरी निघालं. काहीतरी निघावं म्हणूनच तपासणी असते, त्यामुळे मला विशेष वाटलं नाही. पण मुलाला वाटलं. तो मला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बायको पिशवी घेऊन मागोमाग आली. पिशवीत माझे कागद, माझं पाणी, माझा स्वेटर आणि माझा चष्मा होता.

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचं हृदय होतं. उघडून आतलं दाखवता येतं असं. मी ते कुतूहलानं हातात घेतलं, तर त्याचा डावा कप्पा निसटून कपाटाखाली गेला. डॉक्टर, मुलगा आणि मी तिघेही वाकून शोधू लागलो. शेवटी हिनं गुडघे टेकून तो काढून दिला आणि उठताना भिंतीला धरलं. कुणी बघितलं नाही, कारण डॉक्टर तोवर माझ्याबद्दल बोलायला लागले होते.

"मिस्त्री, तुमच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत थर बसायला लागलाय. फार नाही. पण आत्ताच आवरायला हवं."

थराबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही. आमच्याकडे वितळलेली चरबी नळीतून जायची. नळी गार पडली की चरबी आत गोठायची. मग आम्ही वाफ सोडायचो आणि दहा मिनिटांत नळी मोकळी. मी म्हणालो, "मग साहेब, तसंच काहीतरी करा की. एकदा नीट वाफ सोडा."

डॉक्टर समजूतदार होते, हसले नाहीत. म्हणाले, "माणसात वाफ सोडता येत नाही. आणि हा थर नळीला वरून चिकटलेला नसतो, तो भिंतीच्या आतच साठतो. हळूहळू, वर्षानुवर्षं. एखाद्या दिवशी तो फुटतो, त्यावर रक्त गोठतं आणि वाट बंद होते. म्हणून गोळी घ्यायची, रोज चालायचं आणि खाणं बदलायचं. लोणी, वनस्पती तूप, तळलेलं, बेकरीतलं, खारट, सगळं कमी. भाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, हे वाढवायचं. चिमूटभर सुका मेवा चालेल, पण खारवलेला नको."

आम्ही उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा डॉक्टर मागून म्हणाले, "आणि हे घरातल्या सगळ्यांनीच खाल्लं तर फार उत्तम." मुलगा तेव्हा पुढच्या तारखेची चिठ्ठी घेत होता आणि मी चष्मा शोधत होतो. चष्मा माझ्या नाकावरच होता, हे हिनं सांगितलं. ते वाक्य तिघांच्याही कानांवरून गेलं आणि दाराबाहेरच्या कचरापेटीत पडलं.

त्याच संध्याकाळी घरात सभा भरली. सून एका कचेरीत मालाची ने-आण बघते, त्यामुळे तिला यादीशिवाय चैन पडत नाही. तिनं कपाट उघडलं आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. लोण्याचे दोन डबे, वनस्पती तुपाचा डबा, बिस्किटं, खारे काजू, फरसाणाची मोठी बरणी. माझा एवढा मोठा गुन्हा एकाच टेबलावर मांडलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हे सगळं आज बाहेर," सून म्हणाली.

"बाहेर म्हणजे?" हिनं विचारलं.

"म्हणजे टाकायचं, आई."

"टाकायचं? हे लोणी? परवाच आणलंय." ही अशी दचकली, जणू सून नातवंडाला खिडकीतून फेकायला निघाली आहे. "खराब थोडंच झालंय? ह्यांना नको, एवढंच ना? राहू दे. मी संपवते हळूहळू."

आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. श्रीमंत असतो तरी टाकलं नसतं, गरीब होतो तेव्हा टाकायला उरतच नव्हतं. ही सवय इतकी जुनी की ती कुणाला सवय वाटतच नाही. त्यामुळे हिच्या त्या वाक्यावर कुणी मान वर केली नाही. उलट सुनेच्या चेहऱ्यावर एक काम मार्गी लागल्याचं समाधान दिसलं. माझ्या नावावरचं सगळं लोणी त्या क्षणी बिनबोभाट हिच्या नावावर झालं.

आता शेजाऱ्यांकडे वळतो. ते आपण वळलो नसतो तरी आलेच असते.

समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळे कंपाउंडर म्हणतात. त्यांनी आयुष्यभर औषधाच्या दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यामुळे डॉक्टर व्हायला आपल्याला फक्त कागदाचाच अडथळा आला, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. ते रोज सकाळी माझी नाडी बघायला येऊ लागले. नाडी बघताना डोळे मिटायचे आणि चहा आला की उघडायचे.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला कागद लिहून दिला होता. तरुण होत्या, पण बोलणं स्पष्ट. कागदावर इतर गोष्टींबरोबर 'अंडं : एखादं अख्खं चालेल' असंही लिहिलं होतं. मला अक्षरं उशिरा भेटली, पस्तिशीनंतर, कारखान्यातल्या वर्गात. त्यामुळे लिहिलेलं मी अजून जपून वाचतो आणि वाचलेलं खरं धरतो. मी कंपाउंडरांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"चालेल?" ते म्हणाले. "मिस्त्री, चालेल म्हणजे चालत नाही. डॉक्टर लोकांची तशी भाषा असते. रोग्याचं मन मोडू नये म्हणून. तुम्ही फक्त पांढरं खायचं. पिवळं विष."

"आणि पिवळ्याचं काय करायचं?" सुनेनं विचारलं.

कंपाउंडर उदारपणे म्हणाले, "वहिनी खातील की. त्यांना कुठे काय झालंय?"

झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी दोन अंडी उकडायची, पांढरं माझ्या ताटलीत आणि पिवळं हिच्या हातात. हातात म्हणतो, कारण हिला ताटली नसायची. ओट्यापाशी उभी राहून, सुनेचा डबा भरता भरता, पिवळं तोंडात टाकायची. दुधावरची साय काढून दूध मला, साय हिला. कोंबडी आणली की कातडी सोलून मांस मला आणि कातडी तव्यावर कुरकुरीत करून हिला. माझी भाजी तेलाच्या चार थेंबांत व्हायची. ते थेंब सून डोळ्यांच्या औषधाच्या नळीनं मोजायची, नळी धुऊन घेतली होती असं ती म्हणते. मुलाची आणि सुनेची भाजी वेगळी. म्हणजे दोन भाज्या. दोन्ही उरल्या की एकत्र करून वर लोणी घालून हिची तिसरी भाजी. मी रोज पोषणाच्या बाबतीत स्वच्छ होत होतो आणि माझ्यातून निघालेला सगळा मळ व्यवस्थित एकाच जागी जमा होत होता.

माझ्या पथ्याची बातमी नातेवाइकांत पसरली. हृदयाचा आजार झाला की लोक भेटायला येतात आणि येताना मोकळ्या हातानं येत नाहीत. हिची नणंद, म्हणजे माझी बहीण, क्रीमचा केक घेऊन आली. "दादा, मनाला लावून घेऊ नकोस, गोड खा," म्हणाली. कारखान्यातले जुने सोबती आले, त्यांनी लोण्यातल्या बिस्किटांचा भलामोठा डबा आणला. त्यातला एकजण मला म्हणाला, "मिस्त्री, तेल-तूप अजिबात सोड बरं का," आणि डबा माझ्याच मांडीवर ठेवला. दोन महिन्यांत घरात इतका केक आला, की तेवढा माझी तब्येत ठणठणीत असताना साठ वर्षांत आला नव्हता. पाहुणे गेले की सून डबा उचलून हिच्याकडे द्यायची.

"आई, हे तेवढं बघा."

आणि ही बघायची.

माझा मान-अपमान हा या गोष्टीतला वेगळा भाग आहे. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, माफ करा. सुनेनं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला सांगून ठेवलं. मी पाव घ्यायला गेलो, तर त्यानं दुकानभर गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "काका, तुम्हाला नाही मिळणार. ताईंनी बजावलंय." तेहतीस वर्षं मी एवढा मोठा बॉयलर एका हातानं चालवला, आणि हा मला एक पाव सांभाळता येईल का याची शंका घेतो! मागच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, हेच का ते, हृदयवाले?" मी मान ताठ ठेवून बाहेर पडलो. मान ताठ ठेवल्यामुळे पायरी दिसली नाही. पण ते जाऊ दे.

तीन गल्ल्या पलीकडे दुसरी बेकरी आहे. एका दुपारी फिरायला जातो म्हणून मी तिकडे गेलो. आत शिरतो तर कोपऱ्यातल्या बाकावर कंपाउंडर! हातात क्रीमरोल, मिशीला क्रीम.

"मिस्त्री!" ते माझ्यावर ओरडले. "तुम्ही इथे?"

"आणि तुम्ही?"

"माझी गोष्ट वेगळी. मला माहीत आहे मी काय खातोय." त्यांनी डाव्या हातानं फोन काढला आणि आमच्या घरी लावला. उजवा हात क्रीमरोलला मोकळा हवाच होता. "वहिनी, मिस्त्री सापडले. ताबडतोब या. मी धरून ठेवलंय."

सून कामावर, मुलगा कामावर, तेव्हा येणार कोण? ही आली. तीन मजले उतरून, तीन गल्ल्या चालून, भर उन्हात. मला ताब्यात घेऊन परत निघाली. कंपाउंडर सोबत होतेच, पुरावा म्हणून. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ही एकदम पायरीवर बसली. कपाळ घामानं भिजलेलं, एक हात जबड्यावर.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. दाढ ठणकतेय मघापासून. आणि दमायलाच होतं हल्ली."

"लवंगेचं तेल," कंपाउंडर म्हणाले. "कापसाचा बोळा करून दाढेत धरा."

"पाठही भरून येते वर चढताना," ही म्हणाली.

"पाठीला मलम. माझ्याकडे आहे, पाठवतो."

"आणि खाल्लं की इथे जळजळतं."

"गॅस. सोडा घ्या."

तीन दुखणी, तीन औषधं. कारखान्यात एकाच बॉयलरवरचे तीन काटे एकदम हलले असते, तर मी तीन माणसांना बोलावलं नसतं, आग बंद केली असती. पण तो बॉयलर होता. ही माझी बायको होती. ती रोज चालू असायची.

वर पोहोचल्यावर मला बसवून तासभर भाषण झालं. कंपाउंडरांनी केलं. भाषणाच्या मध्ये हिनं त्यांना चहा दिला.

मी अगदीच दगड नव्हतो, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. दोन-तीन दिवसांनी हिचा चेहरा मला राखेसारखा दिसला. मी म्हणालो, "चल, तुझीही तपासणी करून घेऊ." ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" तरी मी निवृत्त कामगारांच्या आरोग्य कचेरीत गेलो. खिडकीत एक कारकून होता. त्याच्यासमोर डबा उघडा होता आणि तो भात आणि फॉर्म एकाच हातानं हाताळत होता.

"बायकोची तपासणी करायची आहे," मी म्हणालो.

"कामगाराची वर्षातून एक. अवलंबितांची नाही."

"तिला त्रास होतोय."

"मग डॉक्टरांची चिठ्ठी आणा, की त्रास होतोय."

"चिठ्ठी कुणाची?"

"आपल्या यादीतल्या डॉक्टरांची."

मी यादीतल्या डॉक्टरांकडे गेलो. तिथली बाई म्हणाली, "अवलंबितांना कचेरीचा शिक्का असलेल्या फॉर्मशिवाय घेत नाही."

मी परत खिडकीत. "शिक्का द्या."

"चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी शिक्क्याशिवाय मिळत नाही."

कारकुनानं जरा विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. "एक करता येईल," तो म्हणाला. "त्या तुमच्यावर अवलंबून आहेत याचा दाखला आणा. मग विशेष बाब म्हणून साहेबांपुढे ठेवतो."

मी घरी आलो. हिला म्हणालो, "तू माझ्यावर अवलंबून आहेस असा दाखला हवाय." ही त्या वेळी माझ्यासाठी दोडका किसत होती, माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या होत्या आणि माझे मोजे दोरीवर वाळत होते. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "असू द्या हो. कुठे खेटे घालताय उन्हातान्हात. तुमच्या हृदयाला झेपायचं नाही."

आणि मी खेटे घालायचे थांबलो. माझ्या हृदयाला झेपायचं नाही म्हणून.

सहा महिन्यांनी माझी पुन्हा तपासणी झाली. निकाल ऐकायला आम्ही सगळे गेलो, मुलगा, सून आणि ही. कंपाउंडरही आले, कारण त्यांच्या मते यश मूळ त्यांचं होतं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि खुर्चीत मागे रेलले.

"वा, मिस्त्री! कोलेस्टेरॉल उतरलं, दाब उतरला, वजन उतरलं. याचं श्रेय कुणाला?"

मी खालच्या मानेनं म्हणालो, "मनोनिग्रह." हा शब्द मी दोन दिवस पाठ केला होता.

"थोडं मार्गदर्शनही," कंपाउंडर म्हणाले.

"तेल मी मोजायचे," सून म्हणाली.

आम्ही तिघं श्रेय वाटून घेत असताना ही पिशवी घेऊन बाहेरच्या ओसरीत गेली होती. आतली हवा कोंदट वाटते म्हणाली होती. बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती पिशवी होती. तिच्यापाठोपाठ ही खाली बसली. भिंतीला टेकून, जबडा दोन्ही हातांनी धरून, ओठ पांढरे.

कंपाउंडर आधी पोहोचले. "आनंदानं भोवळ आली आहे," त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. "नवरा बरा झाला ना. पाणी आणा." एका बाईनं आपल्या डोळ्याला पदरही लावला. कुणीतरी माझं अभिनंदन केलं. मी त्यांचे आभार मानले. हो, मानले. हे मला लिहावं लागतंय.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी एकदाच हिच्याकडे बघितलं. मग ते जे ओरडले, ते मला आजही ऐकू येतं. चाकांची खाट आली, तिच्यावर हिला घातलं, खाट धावली. सुनेच्या हातात माझ्या उत्तम निकालाचा कागद होता. ती तो मुठीत धरून खाटेमागे धावली.

त्यानंतरचे तीन तास आम्ही बाकावर बसून काढले. कंपाउंडर माझ्या शेजारीच होते. मी त्यांना विचारलं, "दाढ होती ना?" त्यांनी मान खाली घातली. मला बरं वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

डॉक्टर आले. टोपी काढून हातात धरलेली. म्हणाले, "वाचल्या. इथे ओसरीत झालं म्हणून. घरी तिसऱ्या मजल्यावर झालं असतं, तर मी तुमच्याशी दुसरंच काही बोलत असतो. एक वाहिनी पूर्ण बंद होती, ती उघडली. दुसरीतही स्टेंट बसवला. तिसरीचं गोळ्यांवर आणि खाण्यावर बघू. बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. जबडा, पाठ, दम, थकवा, असं येतं. मग घरचे तिला दाढ म्हणतात."

मी म्हणालो, "साहेब, चूक माझी. सहा महिने हिनं माझ्या वाट्याचं सगळं खाल्लं. पिवळं, लोणी, साय, केक. सहा महिन्यांत मी हिची नळी बुजवली."

हे मी बोललो त्यात थोडा मोठेपणा होता, आता कळतं. सहा महिन्यांचा गुन्हा कबूल करायला हलका असतो. डॉक्टरांनी तोही हातात राहू दिला नाही.

"सहा महिन्यांत एवढं होत नाही, मिस्त्री," ते शांतपणे म्हणाले. "त्यानं भर पडली असेल. पण हा थर वीस-तीस वर्षांचा आहे. तुमच्या पथ्याच्या कितीतरी आधीचा."

वीस-तीस वर्षं. मी मनात मागे जायला लागलो. मुलगा लहान असताना तो अर्धवट टाकायचा, ते कोण खायचं? पाळीवरून येऊन मी तळलेल्यातलं वरचं वरचं घ्यायचो, कढईच्या तळाचं तेलकट, करपलेलं कुठे जायचं? मला आठवेना. ती जागाच माझ्या आठवणीत रिकामी होती. तिकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी हिला वॉर्डात आणलं. उशाला टेकून बसवलं होतं, चेहरा उतरलेला, पण डोळे नेहमीसारखे. माझ्या शर्टाचं बटण तुटलंय हे तिनं आधी पाहिलं. कंपाउंडर धरून आम्ही चौघं खाटेभोवती उभे होतो. तेवढ्यात माझ्याच त्या आहारतज्ज्ञ बाई फॉर्म घेऊन आल्या.

"काकूंना आता सावकाश बरं वाटेल. आधी मला त्यांचं रोजचं खाणं लिहून घ्यायचंय." पेन माझ्याकडे वळलं. "नाश्त्याला काय घेतात?"

मी मुलाकडे पाहिलं. मुलानं सुनेकडे. सून, जिला माझ्या भाजीतले तेलाचे थेंब पाठ होते, ती जमिनीकडे बघत होती.

"घेतात... म्हणजे, चहा घेत असतील," मुलगा म्हणाला.

"दुपारी?"

शेवटी हीच बोलली. "उरेल ते."

बाईंनी फॉर्मकडे बघितलं. तिथे उरेल त्याला रकाना नव्हता. "किती वाजता जेवता, काकू?"

"सगळ्यांचं झालं की."

"बसून, शांतपणे?"

ही जरा हसली. एवढा गमतीदार प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता.

बाईंनी पेन बंद केलं, परत उघडलं. "बरं. मग आपण नव्यानं ठरवू. पथ्याचं असलं तरी तोंडाला रुचेल असं करता येतं. काका, त्यांना आवडतं काय?"

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. मी तोंड उघडलं. आतून एकही पदार्थ बाहेर येईना. मग माझ्या तोंडून निघालं, "हिला सगळंच आवडतं."

ही उशीवर मान टेकून छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, "मला गरम आवडतं."

बाईंना वाटलं पुढे काही येईल, म्हणून त्या थांबल्या. पुढे काही नव्हतं.

तेवढ्यात दवाखान्याचं ताट आलं. सेविकेनं झाकण काढलं आणि वाफ वर आली. मऊ भात, पातळ डाळ, दुधीची भाजी. ताट हिच्यासमोर ठेवलं. हिनं चमचा उचलला.

"थांबा आई," सून म्हणाली. "डाळीत मीठ किती आहे, विचारलं का कुणी?"

"दवाखान्याचं आहे, बरोबरच असणार," मुलगा म्हणाला.

"असणार म्हणून चालत नाही," सून म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. आता कुठे चूक होऊ द्यायची नाही असं तिनं ठरवलं होतं. "मी विचारून येते."

"भात पांढरा दिसतोय," कंपाउंडर हळूच म्हणाले. मग थोडं मोठ्यानं. "कोंड्यासकट पाहिजे. मिस्त्री, तुमच्या कागदावर काय होतं?"

मी चष्मा लावला. खिशातून माझा कागद काढला, घडी उलगडली आणि बोट ठेवून वाचू लागलो. बाई म्हणाल्या, "अहो, पहिले काही दिवस असंच असतं, मीच सांगितलंय." मुलगा म्हणाला, "मग डॉक्टर काय म्हणाले होते?" सून सेविकेला घेऊन परत आली. सेविका म्हणाली स्वयंपाकघरात विचारते. मी दुधीपर्यंत पोहोचलो. दुधी चालत होता. कंपाउंडर म्हणाले चालतो, पण फोडणी कसली आहे ते बघा. आम्ही सगळे ताटावर वाकलो.

सगळ्यांचं एकमत झालं तेव्हा सुनेनं हिच्या पाठीवर हात ठेवला. "आई, जेवा आता. सगळं चालतंय."

वाफ केव्हाच थांबली होती. डाळीवर पातळ साय धरली होती. हिनं एक चमचा तोंडात घातला आणि गिळला.

"कसं लागतंय गं?" मी विचारलं.

"बरंय," ही म्हणाली आणि ताट संपवायला लागली.